मुरूम

आमच्या वसमतला रस्त्याला खड्डा पडला
की ट्रॉलीभर मुरूम आणून टाकतात.
माझ्या तोंडावर उलटं झालं.
मुरूम आधी आला, सोळाव्या वर्षी,
सात-आठ वर्षं मुक्काम केला
आणि जाताना खड्डे करून गेला.

हळद लाव, म्हणाले सगळे.
हळदीच्या गावात दुसरं काय सांगणार?
लावली. कच्ची, उकडलेली, सायीतली.
जायफळ लावलं, एका काकूनं टूथपेस्ट सांगितली, तीही लावली.
आई म्हणायची, हात लावू नको गं,
आणि मी गालावरून हात काढायचे
फक्त जेवायला.

आता मोंढ्यात वजनकाट्यावर बसते.
खुर्ची अशी ठेवलीय
की डावा गाल भिंतीकडं राहतो.
एप्रिल-मे आवडतात मला.
पॉलिशच्या ड्रममध्ये हळद खडखडत फिरते,
खरखरीत साल झाडून चकचकीत बाहेर पडते,
आणि तिचा धुरळा सगळ्यांच्या पापण्यांपर्यंत चढतो.
तेव्हा बाजारात एकच तोंड असतं, पिवळं.

घरी सांगितलं, नांदेडला दाताचं काम आहे.
दाताला कुणी कारण विचारत नाही.
गालाला, सदतिसाव्या वर्षी?
"आता कुणाला दाखवायचंय, शिवकांता?"
असं कुणी म्हणालं नाही.
मी आधीच दात सांगितला होता ना.

डॉक्टर तस्नीम काझींनी दिवा तिरका धरला.
समोरून धरला तर दिसत नाहीत, म्हणाल्या.
मला माहीत होतं. ट्यूबलाइटखाली कुठं बसायचं
हे मी वीस वर्षं शिकतेय.
त्यांनी दोन बोटांनी कातडी ताणली.
"हे उथळ. ताणले की पुसतात.
हे खोल. यांना खालून दोरे आहेत, घट्ट,
ते कातडीला आत ओढून धरतात.
आधी सुई घालून दोरे तोडू."
"आणि ही?" ओठाच्या कडेची रेघ मी दाखवली.
"ती मुरुमाची नाही. वयाची."
खड्डे बुजायच्या आत
सुरकुत्या येऊन पोचल्या होत्या.
"जातील?"
"कमी होतील. निम्मे, नशीब असेल तर जरा जास्त.
जातील असं मी म्हणत नाही."
इतकं खरं माझ्या तोंडावर
आजवर कुणी बोललं नव्हतं.

बधिर करायचं मलम लावून तासभर बसवतात.
मग दुखत नाही, फक्त ऐकू येतं,
दोरा तुटताना आत बारीक कर्र,
जुनं पोतं उसवताना येतो तसा आवाज.
मी मनात काहीतरी मोजत होते.
पोतीच असतील.

परतीच्या एसटीत स्कार्फ डोळ्यांपर्यंत.
कंडक्टर म्हणाला, दाढ काढली का ताई, लई सुजलंय.
हो म्हटलं. खोटं इतकं सोपं गेलं
की सुट्टे पैसे घ्यायचे राहिले.

चार वेळा झालं असं.
उन्हात फिरायचं नाही म्हणे. वसमतला. मे महिन्यात.
सकाळी आरशात वाटतं, भरलंय.
संध्याकाळी खिडकीतून तिरकं ऊन येतं,
तेव्हा तितकंसं वाटत नाही.
खुर्ची मात्र गेल्या गुरुवारी फिरवली.
ठरवून नाही. पंख्याचा वारा लागत नव्हता.

पाचव्या खेपेला भावाच्या पोरीला, ईश्वरीला नेलं.
पंधरा वर्षांची. केस गालावर ओढून बसते.
यावेळी घरी दात सांगितला नाही.
वहिनीला खरं ते सांगितलं.
ती म्हणाली, एवढ्यासाठी कशाला डॉक्टर,
हळद लाव की तिला.

काउंटरवरच्या पोरानं विचारलं, केसपेपर एकच ना?
दोन, म्हटलं.
ईश्वरीनं माझ्याकडं पाहिलं,
कामून आणलंस मला, अशा नजरेनं.
हात गालावर होता, नख एका पुळीवर.
तो मी खाली घेतला
आणि नंबर येईपर्यंत
माझ्या हातात धरून ठेवला.